रत्नगिरीवरचा शुभ्र स्तूप आणि गृध्रकूटाची वाट

सम्मेतशिखर आणि पावापुरीच्या यात्रेस निघालेला महाराष्ट्रातील जैन परिवार राजगृहीस एक-दोन मुक्काम करतोच. पंचपहाडीची यात्रा हा तेथील मुख्य संकल्प असतो. विपुलाचल, रत्नगिरी, उदयगिरी, स्वर्णगिरी आणि वैभारगिरी हे पाच पर्वत चढून उतरेपर्यंत तरुणांचेही पाय बोलू लागतात, मग ज्येष्ठांची गोष्टच नको. या पाचांपैकी रत्नगिरीच्या माथ्यावर एक पांढराशुभ्र घुमट दूरवरून दिसत राहतो. गाडीचा चालक ‘वह जापानी मंदिर है’ एवढेच सांगतो, मुले रोपवेचा हट्ट धरतात, आणि अखेरीस सारा परिवार वर जाऊन, चार छायाचित्रे काढून, सूर्यास्तापूर्वी भोजनशाळेत पोहोचण्याच्या घाईने खाली उतरतो. त्या घुमटापासून थोड्याच अंतरावर, डोंगराच्या एका खालच्या सोंडेवर, गृध्रकूट नावाचे शिखर आहे. तिकडे फारसे कोणी वळत नाही. वास्तविक जैन यात्रेकरूच्या दृष्टीने या डोंगरावरील सर्वात अर्थपूर्ण दृश्य तेथूनच दिसते.

पाच पर्वतांची नगरी

पाटण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर वसलेले आजचे राजगीर म्हणजे मगधाची प्राचीन राजधानी राजगृह. पर्वतांच्या कड्यात बसलेली ही नगरी निसर्गतःच दुर्गम होती. त्यावर डोंगरमाथ्यांवरून फिरणारी, चुना-माती न वापरता प्रचंड शिळा एकावर एक रचून उभारलेली सुमारे ४० किलोमीटर लांबीची तटबंदी होती. तिचे अवशेष आजही रस्त्याच्या कडेला दिसतात.

विसावे तीर्थंकर भ. मुनिसुव्रतस्वामी यांच्या जन्मादी चार कल्याणकांची ही भूमी. भ. महावीरांनी राजगृह व त्याच्या नालंदा या उपनगरात मिळून चौदा चातुर्मास केल्याचे कल्पसूत्र सांगते. दिगंबर परंपरेप्रमाणे भगवंतांची पहिली दिव्यध्वनी विपुलाचलावर झाली. बौद्धांनाही ही नगरी तितकीच प्रिय आहे. राजा बिंबिसाराने भगवान बुद्धांना दिलेले वेणुवन येथेच होते, आणि बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतरची पहिली संगीती वैभारगिरीवरील सप्तपर्णी गुहेपाशी भरल्याचे मानले जाते. एकाच काळात, एकाच राजाच्या राज्यात, एकाच डोंगररांगेच्या सावलीत श्रमण परंपरेच्या दोन महापुरुषांनी उपदेश केला. जगाच्या पाठीवर अशी स्थळे फार थोडी असतील.

माथ्यावर जाण्याची वाट

रत्नगिरीच्या पायथ्यापासून स्तूपापर्यंत जाण्यास पायवाट आहे आणि रोपवेही आहे. जुना रोपवे एकेका खुर्चीचा. ही खुर्ची कोणासाठी थांबत नाही. ती मागून येते, प्रवाशाने नेमक्या क्षणी बसायचे, सेवकाने पुढची दांडी लावायची, आणि पाय अधांतरी लोंबकळत डोंगर चढू लागायचा. पहिल्यांदा बसणाऱ्याच्या तोंडून नवकार मंत्र आपोआप बाहेर पडतो. २०२१ पासून बंद डब्यांचा नवा रोपवे सुरू झाला आहे. वयस्कर मंडळी, लहान मुले आणि उंचीची धास्ती असणारे यांच्यासाठी तो अधिक सोयीचा आहे. खाली दाट झाडी, मध्येच उघडा कातळ आणि समोर हळूहळू मोठा होत जाणारा पांढरा घुमट, असा हा काही मिनिटांचा प्रवास.

वर पोहोचल्यावर प्रथम जाणवते ती मोकळी हवा, आणि मग स्तूपाचा भव्य, कोणतीही नक्षी नसलेला शुभ्र गोल. चार दिशांना चार कोनाडे आणि प्रत्येकात बुद्धांची सोनेरी मूर्ती. जन्म, संबोधी, धर्मोपदेश आणि महापरिनिर्वाण हे त्यांच्या जीवनातील चार प्रसंग या चार मूर्तींतून साकार झाले आहेत. तीर्थंकरांच्या पंचकल्याणकांची सवय असलेल्या जैन मनाला ही मांडणी परकी वाटत नाही. स्तूपाभोवती प्रदक्षिणेची वाट आहे. तिच्यावरून चालताना राजगृहाचे पर्वत, त्यांवरील जिनमंदिरांची शिखरे आणि मधले हिरवे खोरे दिसत राहते.

जवळच जपानी बौद्ध भिक्षूंचे मंदिर आहे. तेथील ढोलाचा संथ, एका लयीतील नाद स्तूपापर्यंत ऐकू येतो. त्यासोबत ‘नम म्योहो रेंगे क्यो’ हा मंत्र चालतो. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन, असा त्याचा अर्थ.

वर्ध्याशी जुळलेला धागा

हा मंत्र महाराष्ट्राला तसा नवा नाही. सेवाग्रामच्या आश्रमात सायंप्रार्थनेस बसलेल्या कोणीही तो ऐकलेला असतो. त्याचा इतिहास रत्नगिरीवरील या स्तूपाच्या इतिहासाशी जोडलेला आहे.

निप्पोन्झान म्योहोजी या जपानी संप्रदायाचे संस्थापक निचिदात्सु फुजी १९३१ मध्ये भारतात आले. बुद्धांचा धर्म ज्या भूमीतून जपानला गेला, त्या भूमीस तो परत अर्पण करावा, ही त्यांची धारणा. १९३३ मध्ये वर्ध्यात त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. गांधीजींच्या परिवारात ते ‘गुरुजी’ या नावाने ओळखले जात. त्यांच्या शिष्यांच्या वास्तव्यामुळे ढोलाच्या नादातील तो मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत आला आणि पुढेही टिकला.

दुसऱ्या महायुद्धात जपानवर अणुबाँब पडले. त्या विध्वंसानंतर फुजी गुरुजींनी ठिकठिकाणी शांतिस्तूप उभारण्याचे व्रत घेतले. जपानमधील कुमामोतो येथील स्तूप १९५४ मध्ये पूर्ण झाला. भारतातील पहिल्या स्तूपासाठी त्यांनी राजगीर निवडले, कारण ज्या सूत्राला त्यांनी आयुष्य वाहिले, त्या सद्धर्मपुंडरीक सूत्राचा उपदेश गृध्रकूटावर झाल्याचे त्या ग्रंथातच सांगितले आहे. १९६५ मध्ये राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि २५ ऑक्टोबर १९६९ रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. गांधीजींच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष होते. फुजी गुरुजी १८८५ मध्ये जन्मले आणि १९८५ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांनी देह ठेवला. पुढे वर्ध्यातही असाच एक विश्वशांती स्तूप उभा राहिला. विदर्भातील अनेक जैन परिवारांना तो परिचित आहे.

गृध्रकूटावर

स्तूपापासून परतताना रोपवेने न उतरता पायी उतरावे, म्हणजे वाटेत गृध्रकूटाचा फाटा लागतो. गिधाडाच्या आकाराचा खडक किंवा गिधाडांचा निवास, अशा दोन्ही प्रकारे या नावाचा उलगडा केला जातो. येथील दगडी वाट राजा बिंबिसाराने बांधविली असे सांगतात. वाटेत दोन ठिकाणी स्तूपांचे अवशेष आहेत. पहिल्या ठिकाणी राजा रथातून उतरत असे आणि दुसऱ्या ठिकाणी सोबतचा लवाजमा मागे ठेवून एकटाच पुढे जात असे, अशी नोंद सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संग या चिनी यात्रेकरूने केली आहे. गुरूच्या दर्शनास जाताना आधी वाहन सोडावे आणि मग मोठेपणही सोडावे, हा शिष्टाचार त्या दोन ढिगाऱ्यांनी आजवर जपून ठेवला आहे. समवसरणात प्रवेश करताना राजांनी छत्र, चामर, मुकुट, शस्त्र आणि पादत्राणे दूर ठेवल्याची वर्णने ज्यांनी आगमांत ऐकली आहेत, त्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

शिखराजवळ दोन नैसर्गिक गुहा आहेत आणि माथ्यावर एका प्राचीन वास्तूच्या विटांच्या बुटक्या भिंती. छत नाही, कळस नाही. थायलंड, श्रीलंका, व्हिएतनाम, जपान येथून आलेले यात्रेकरू त्या भिंतींच्या आत फुले ठेवतात, उदबत्ती लावतात आणि मूकपणे बसतात. पाचव्या शतकाच्या आरंभी आलेला फाहियान येथे फुले, धूप आणि तेलाचे दिवे घेऊन चढला होता. बुद्ध हयात असताना आपला जन्म झाला नाही, आता केवळ त्यांच्या खुणा पाहण्याचे नशिबी आले, या विचाराने त्याचे डोळे भरून आले, आणि सूत्रपाठ करीत ती रात्र त्याने तेथेच काढली. पावापुरीच्या जलमंदिरात ज्या भाविकांचा कंठ दाटून येतो, त्यांना फाहियानाचे ते अश्रू समजावून सांगावे लागत नाहीत.

एक राजा, दोन परंपरा

गृध्रकूटावरून खाली दरीत पाहिले असता जाड भिंतींनी वेढलेल्या एका चौकोनी वास्तूचा अवशेष दाखविला जातो. तो बिंबिसाराचा बंदिवास मानला जातो. बौद्धांचा बिंबिसार म्हणजेच आपला राजा श्रेणिक, आणि अजातशत्रू म्हणजे कूणिक. राज्याच्या लोभाने पुत्राने पित्यास कैदेत टाकले, ही घटना दोन्ही परंपरा सांगतात.

बौद्ध कथेप्रमाणे राजाला अन्न देणे बंद करण्यात आले. राणी अंगाला मधुर लेप लावून भेटीस जाई आणि राजा त्यावर प्राण धरून राही. तेही बंद झाले, तेव्हा कोठडीच्या झरोक्यातून दिसणाऱ्या गृध्रकूटाकडे पाहत त्याने दिवस काढले. ज्या दिवशी त्याचे प्राण गेले त्याच दिवशी अजातशत्रूस पुत्र झाला. दोन्ही वार्ता एकदम आल्या. मंत्र्यांनी पुत्रजन्माची आधी दिली. बाळाच्या बातमीने हृदयात जे वात्सल्य दाटले, त्यातून पहिल्यांदाच त्याला उमगले की आपल्या जन्माच्या वेळी पित्यालाही असेच वाटले असेल. सुटकेची आज्ञा त्याच्या तोंडून निघाली, आणि तेव्हा दुसरी वार्ता त्याच्या हाती देण्यात आली.

निरयावलिका सूत्रातील कथा थोडी वेगळी आहे. माता चेलना कूणिकास त्याचे बालपण सांगते. लहानपणी त्याचे बोट चिघळले होते आणि त्या वेदनेने तो अखंड रडत असे. तेव्हा श्रेणिक ते बोट स्वतःच्या तोंडात धरून त्यातील पू चोखून टाकी, म्हणजे बाळ शांत होई. हे ऐकून कूणिक पश्चात्तापाने व्याकूळ झाला आणि पित्याच्या बेड्या स्वतःच्या हाताने तोडण्यासाठी परशू घेऊन धावला. श्रेणिकाने दुरून पाहिले ते शस्त्र घेऊन येणाऱ्या मुलाला. पुत्राच्या हातून पितृहत्येचे पाप घडू नये म्हणून त्याने तालपुट विष घेतले. हाच श्रेणिक आगामी चोवीशीतील पहिला तीर्थंकर होणार, असे शास्त्रवचन आहे.

तपशील भिन्न आहेत, पण चिघळलेल्या बोटाची गोष्ट बौद्ध अट्ठकथेतही आहे. दोन परंपरांनी अनेक बाबतींत मतभेद राखले, मात्र पित्याचे प्रेम पुत्राला उशिरा कळले, ही एक गोष्ट दोघींनीही तशीच जपली. ज्या घरांत पेढी एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाते, तेथे ही कथा केवळ पुराणातली राहत नाही. वडिलांनी चाव्या वेळेवर सोपविल्या नाहीत, मुलाने धीर धरला नाही, भावाभावांत वाटणीवरून अबोला झाला, अशी उदाहरणे प्रत्येक गावात असतात. परशू बेडी तोडण्यासाठी उचलला आहे की मस्तकासाठी, हे बोलल्याशिवाय दुसऱ्यास कळत नाही. गृध्रकूटावर बसून पिता-पुत्रांनी एकत्र ही दरी पाहावी, यापरते या स्थळाचे दुसरे फळ नाही.

श्रेष्ठींचे राजगृह

दिवाळीत वहीपूजन करताना अनेक जैन पेढ्यांवर पहिल्या पानावर शालिभद्राची ऋद्धी आणि अभयकुमाराची बुद्धी लाभो, असे लिहिण्याचा प्रघात आहे. हे दोघेही याच नगरीचे. परदेशी व्यापाऱ्यांनी आणलेल्या रत्नकंबळांपैकी एकही घेणे राजा श्रेणिकास परवडेना, आणि भद्रा शेठाणीने सोळाही घेऊन प्रत्येकाचे दोन तुकडे करून बत्तीस सुनांना वाटले, असे ते वैभव. परंतु ‘राजा आपला स्वामी आहे’ हे ऐकताच, आपल्या डोक्यावरही कोणी स्वामी आहे हे शालिभद्रास खटकले आणि तो विरक्त झाला. त्याने व धन्नाने ज्या वैभारगिरीवर अनशन केले, तो रत्नगिरीवरून समोर दिसतो. पुण्या श्रावकही येथलाच. पुणी विकून गुजराण करणाऱ्या त्या गृहस्थाच्या एका सामायिकाचे मोल मगधाच्या खजिन्यालाही चुकविता आले नाही.

बौद्ध परंपरेतील सर्वात मोठा दाता अनाथपिंडिक हाही व्यापारी. श्रावस्तीचा हा शेठ व्यवसायानिमित्त राजगृहास मेहुण्याच्या घरी उतरला, तेव्हा घरात भोजनाची मोठी धांदल चालू होती. लग्न आहे की स्वतः राजा जेवायला येणार, असे त्याने विचारले. बुद्ध आणि भिक्षुसंघ येणार असल्याचे कळताच त्याला रात्रभर झोप लागली नाही, आणि उजाडण्यापूर्वीच तो दर्शनास निघाला. पुढे श्रावस्तीत जेतवन विकत घेताना त्याने ती सारी जमीन नाण्यांनी झाकली. भरहूतच्या शिल्पात हा व्यवहार कोरलेला आहे. त्यात बैल सोडलेली गाडी आणि जमिनीवर चौकोनी नाणी मांडणारी माणसे स्पष्ट दिसतात. भारतीय शिल्पात एखाद्या खरेदीचा इतका चोख दाखला क्वचितच सापडेल. श्रमण परंपरेच्या दोन्ही शाखा व्यापाऱ्यांच्या न्यायार्जित धनावर उभ्या राहिल्या, हे या कथांतून पुन्हा पुन्हा दिसते.

वंदनाचा प्रश्न

अन्य धर्माच्या मंदिरात जावे काय, गेल्यास हात जोडावेत काय, हा प्रश्न काही घरांत प्रामाणिकपणे विचारला जातो. ज्येष्ठांना सम्यक्त्वाची काळजी असते, तरुणांना तो संकोच अनावश्यक वाटतो. या विषयात पूर्वसूरींचे वर्तन पाहणे उपयुक्त ठरेल. आचार्य हरिभद्रसूरींनी ‘षड्दर्शनसमुच्चय’ लिहिताना बौद्ध दर्शनास पहिले स्थान दिले. इतकेच नव्हे, तर ‘न्यायप्रवेश’ या बौद्ध तर्कग्रंथावर त्यांनी स्वतः टीका लिहिली. बौद्ध मतांचे खंडनही त्यांनी केले. खंडन करण्याआधी ते मत नीट समजून घेतले पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. आपली श्रद्धा दृढ असलेल्या माणसाला दुसऱ्याची श्रद्धा पाहण्याचे भय नसते.

बौद्धांच्या मज्झिमनिकायात उपाली नावाच्या धनाढ्य गृहस्थाची कथा आहे. तो निर्ग्रंथांचा, म्हणजे भ. महावीरांचा उपासक होता. पुढे तो बुद्धांचा अनुयायी झाला असे तो ग्रंथ सांगतो. ग्रंथाचा कल त्या बाजूचा असणारच. लक्षात घेण्याजोगे आहे ते त्यानंतरचे. तुझे घर आजवर निर्ग्रंथांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, त्यांना भिक्षा देणे थांबवू नकोस, असे बुद्धांनी त्यास सांगितल्याचे तेथे नोंदले आहे. मत बदलले तरी दाराशी आलेल्या साधूचे पात्र रिकामे जाऊ नये, ही त्या काळाची रीत होती. तेव्हा स्तूपासमोर मस्तक नमवावे की नाही, हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेनुसार ठरवावे. पादत्राणे बाहेर ठेवणे, प्रार्थना चालू असता मोठ्याने न बोलणे, ध्यानस्थ यात्रेकरूंच्या तोंडासमोर मोबाईल न धरणे, एवढे मात्र सर्वांना बंधनकारक आहे. पंचपहाडीवर इतरांनी जसे वागावे असे आपल्याला वाटते, तसेच आपण रत्नगिरीवर वागावे.

यात्रेकरूंसाठी

ऑक्टोबर ते मार्च हा काळ राजगीरसाठी उत्तम. पाटणा किंवा गया येथून रस्त्याने येता येते. श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही समाजांच्या धर्मशाळा आणि भोजनशाळा गावात आहेत. वैभारगिरीच्या पायथ्याशी वीरायतन आहे. त्याच्या कार्याची धुरा वाहिलेल्या आचार्य चंदनाजी मूळच्या पुणे जिल्ह्यातील चासकमानच्या, हे मराठी वाचकांना आवर्जून सांगावेसे आहे. तेथील नेत्ररुग्णालयाचे काम पाहण्यासारखे आहे.

पंचपहाडी आणि स्तूप एकाच दिवसात उरकण्याचा अट्टहास धरू नये. स्तूप व गृध्रकूट यांसाठी एक स्वतंत्र सकाळ राखावी. रोपवेने वर जावे, स्तूपाची प्रदक्षिणा करावी आणि गृध्रकूटाच्या वाटेने पायी उतरावे. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी रोपवेनेच परतावे व पायथ्याच्या रस्त्यावरील जीवकाच्या आम्रवनाचे अवशेष पाहावेत. पित्याच्या मृत्यूनंतर अस्वस्थ झालेला अजातशत्रू एका पौर्णिमेच्या रात्री बुद्धांना शोधत तेथेच आला होता. पाण्याची बाटली व हातात काठी असावी. माकडे बरीच असल्याने खाण्याचे पदार्थ उघडे ठेवू नयेत. चौविहार पाळणाऱ्यांनी दुपारनंतर वर जाण्याचे टाळावे.

परतीच्या वाटेवर सोनभांडार गुहांपाशीही थांबावे. तेथे बिंबिसाराचा खजिना दडलेला आहे, असे मार्गदर्शक मोठ्या उत्साहाने सांगतात आणि प्रवासी भिंतीला कान लावून पाहतात. त्याच दगडावरील प्राचीन लेखात मात्र सोन्याचा उल्लेख नाही. मुनी वैरदेव यांनी तपस्व्यांच्या निवासासाठी, अर्हतांच्या प्रतिमांसह या गुहा करविल्या, एवढेच त्यात लिहिले आहे.